गादीखालची बॅटरी बाहेर काढली : उद्यमबागेतल्या एका शेडच्या कामाचा रिव्ह्यू

आमच्या कॅम्पिंग ट्रेलरची बॅटरी गादीखालनं काढून बाहेरच्या पेटीत बसवून घेतली, त्या लोखंडी कामाच्या शेडचा हा रिव्ह्यू. आधीच सांगतो, शेडचं नाव इथं टाकत नाही. एक तर कामात काही गोष्टी मस्त झाल्यात तशा दोन गोष्टी चांगल्याच चुकल्यात आणि त्या दोन्ही मी लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे मालक स्वतःच म्हणाले, नाव नको टाकू बाबा, असलं बारीक काम घेऊन चार जण आले तर माझ्या रोजच्या ऑर्डरी कोण काढणार. बेळगावात उद्यमबागेत आहे एवढं पुरे. बाहेरून बघितलं तर बाकीच्या शेडसारखंच, आत सीएनसी मशीनवाल्यांना लागणारी स्टँड, फाउंड्रीच्या ट्रॉल्या, ग्रील, असलं काय काय चालू असतं.

आता माझं काम काय होतं ते. मी आणि मेव्हण्यानं मिळून वडगावात आमच्या परड्यात एक कॅम्पिंग ट्रेलर बनवलाय, टिअरड्रॉप टाईपचा, ८ फूट बाय ५ फूट, पुढं झोपायला दोघांपुरती जागा आणि मागची डिकी उचलली की किचन. चेसिस उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून करून घेतली, वरचं प्लाय आणि अॅल्युमिनियमचा पत्रा आम्ही दोघांनी मारला. बोलेरोला मागं लावून जातो. (पासिंगचं विचारू नका, कायद्यानं ट्रेलर पण मोटार वाहनातच येतो आणि त्याला पण नंबर लागतो, तो एक वेगळाच रामायणाचा विषय आहे, परत कधीतरी.)

तर या सगळ्यात बॅटरी कुठं ठेवायची याचा विचार आम्ही केलाच नाही. खरं सांगायचं तर सगळं झाल्यावर जिथं जागा उरली तिथं ठेवली. घरच्या इन्व्हर्टरची जुनी १५० एएचची (अँपियर-तास) ट्युब्युलर बॅटरी होती, पाणी घालायची, ५५ किलोची धोंड, ती गादीखाली डाव्या बाजूला लाकडी खोक्यात घातली, वर प्लायचं झाकण, झाकणावर गादी, गादीवर आम्ही. त्याच खोक्यात फ्रिजची रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) आणि साधा स्विच पण बसवले, कारण वायर कमी लागते म्हणून. आज हे टाईप करताना माझी मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला जांबोटीच्या पुढं मामाच्या शेतात मुक्काम होता. पाऊस बारीक चालूच होता म्हणून दारं खिडक्या सगळं बंद. संध्याकाळी मामाच्या शेतघरातून वायर ओढून बॅटरी चार्जिंगला लावली, चार्जर गॅरेजमधला जुना, त्याला ऑटो कट वगैरे काही नाही, आणि लावून झोपलो. रात्री अडीचला ही उठून बसली आणि म्हणाली, अहो अंडी नासलीत काय बघा. मी म्हटलं अंडी आणलीच नाहीत. मग घसा खवखवायला लागला, डोळ्यातून पाणी, आणि गादीला हात लावला तर खालून गरम. दार उघडून दोघं पावसात बाहेर पळालो आणि मी शेतघरात जाऊन आधी वायर उपटली. तेवढं बरं सुचलं, ट्रेलरमधला स्विच बंद करायला आत हात घातला नाही. सकाळी बघितलं तर दोन सेल कोरडे पडलेले आणि खोक्याच्या आतले खिळे हिरवे-पांढरे झालेले.

नासक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, बॅटरी जादा चार्ज होऊन तापली की येतो, आणि तो स्वतः विषारी आहे. पण खरी भीती दुसऱ्याच गॅसची, साध्या हायड्रोजनची, त्याला तर वासच नसतो. लेड अॅसिड बॅटरी भरत आली, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ च्या वर व्होल्टेज गेलं, की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतं. हिशोब मी नंतर बसून केला. एक अँपियर-तास जादा गेला की एका सेलमधून अंदाजे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो, सेल सहा, चार्जर १० अँपियर देत राहिला तर तासाला २५ लिटर झाले. आमच्या केबिनची हवा सगळी मिळून ३००० लिटरच्या आसपास. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीची वाट बघत बसतो, म्हणजे १२० लिटर, म्हणजे बंद केबिनमध्ये पाचेक तास. आणि ते सगळ्या केबिनचं झालं, झाकण लावलेल्या खोक्यात तर ४ टक्के काही मिनिटांत होत असणार, आणि त्याच खोक्यात आमची रिले दर अर्ध्या तासाला टक टक करत होती. वास आला आणि ही उठली म्हणून मी आज रिव्ह्यू लिहायलोय.

परत आल्यावर ट्रेलर महिनाभर तसाच पडून. मग ठरवलं, हे काम आपल्याच्यानं होणार नाही, कुणाकडून तरी करून घ्यायचं. तीन ठिकाणी फिरलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले वरून एक भोक पाडून पाईप काढतो, बॅटरी राहू दे की तिथंच. दुसऱ्या ठिकाणचा तर म्हणाला मागच्या किचनच्या कप्प्यात टाकूया, गॅसच्या शेजारी जागा हाय की. गॅसच्या शेजारी! ५ किलोचा सिलिंडर आहे तिथं आमचा. मी म्हटलं बघतो आणि सांगतो, आणि परत गेलोच नाही.

तिसरं हे शेड. मालक मराठी, पण काम बघणारे मिस्त्री कन्नड, वय साठीच्या पुढं, आमच्याशी मराठीत बोलतात आणि चिडले की कन्नडमध्ये. त्यांनी आल्या आल्या टेप काढला नाही की रेट सांगितला नाही, पहिला प्रश्न विचारला, झोपतासा कुठं तुम्ही? मी दाखवलं. मग म्हणाले डोकं कुणीकडं? तेही दाखवलं. बॅटरी कुठं होती? गादी उचलून दाखवली. त्यांनी खोक्यात वाकून बघितलं, रिले बघितली, आणि मान हलवत म्हणाले, ब्याड री, ब्याड. एवढंच. मला तिथंच कळलं की काम इथंच द्यायचं.

मग दुसरी गोष्ट केली जी मला अपेक्षितच नव्हती. ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि मला म्हणाले वजनाचा एखादा काटा आणा कुठनं तरी. मेव्हण्याच्या दुकानातला १०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरचा पुढचा कपलर (गाडीच्या हुकला अडकतो तो भाग), हुकच्या उंचीला बरोबर सपाट करून. काट्यावर आलं १८ किलो. सगळं सामान भरून आमचा ट्रेलर ५२० किलो भरतो, उसाच्या वजनकाट्यावर नेऊन बघितलेला. म्हणजे हुकवर साडेतीन टक्के. पाहिजे १० ते १५ टक्के, म्हणजे ५२ ते ७८ किलो. कमी पडलं की ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो, आणि तो हलवायचाच, हायवेला ७० च्या वर गेलं की आरशात दिसायचं, पण आम्ही दोघं समजत होतो टायरमध्ये हवा कमी असेल. जास्त झालं तर उलटं, गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेकला पकड कमी.

तर बॅटरीची जागा ठरवणं म्हणजे गॅसचा प्रश्न जेवढा तेवढाच वजनाचा पण, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. एकाच वस्तूला तुम्ही कुठं ठेवता त्यावर गाडी सरळ चालते का नाही हे पण ठरतंय आणि रात्री तुम्ही श्वास कसला घेता हे पण.

मिस्त्रींनी जागा एकेक करून काढून टाकल्या आणि ते ऐकण्यासारखं होतं. चेसिसच्या खाली, दोन चॅनेलच्या मध्ये लटकवायची म्हटलं तर वजन खाली राहतं, चाकाजवळ राहतं, ते चांगलं, पण आपल्याकडं जांबोटी कणकुंबीचे रस्ते, लाल चिखल, जूननंतर रस्त्यावरून वाहणारं पाणी, खालचा भाग सहा महिने ओलाच राहणार, आणि पाणी घालायची बॅटरी असली तर दर महिन्याला चिखलात झोपून झाकणं उघडणार कोण. मागच्या किचनमध्ये नाहीच, कारण तिथं गॅस. त्यात एक गंमत आहे, स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला भोक खाली पाहिजे. हायड्रोजन हवेच्या १४ पट हलका, तो वर पळतो, त्याला भोक वर पाहिजे. दोघांना एका कप्प्यात घातलं तर एकाला वाट करून दिली तर दुसऱ्याला अडकवल्यासारखं होतं, आणि वर परत बॅटरीच्या टर्मिनलची ठिणगी. शिवाय मागं ५५ किलो टाकले तर हुकवरचं वजन अजून कमी, जवळजवळ शून्यच. चाकाच्या शेजारी एका बाजूला टाकलं तर एक टायर जास्त दबतो, जे आमचं आधीपासून होतंच, डावा टायर आतून जास्त झिजलेला.

शेवटी राहिली पुढची जागा. ट्रेलरचा पुढचा दांडा इंग्रजी ए सारखा असतो बघा, त्या त्रिकोणात, केबिनच्या पुढच्या भिंतीच्या बाहेर. तिथं पेटी बसवली तर केबिनशी हवेचा काही संबंध नाही, उभं राहून झाकण उघडता येतं, आणि वजन पुढं जातं. मिस्त्रींनी तिथंच खडूनं जमिनीवर हिशोब मांडला. चाकापासून हुकपर्यंत २.४ मीटर, चाकापासून पेटीच्या मध्यापर्यंत १.९ मीटर, तर ५५ किलोतले ५५ गुणिले १.९ भागिले २.४, म्हणजे ४३-४४ किलो हुकवर येणार. आधीचे १८ धरून ६२. ५२० च्या १२ टक्के. पेटी बसवून परत काट्यावर घेतलं तर ६३ आलं! शाळेत मला मोमेंट म्हणून शिकवलेलं, कधी कळलं नव्हतं, उद्यमबागेत खडूनं कळलं.

पेटीचं काम आता. २ मिमी पत्रा, अँगलची फ्रेम, दांड्याला चार बोल्ट, वेल्डिंग नाही, मिस्त्री म्हणाले दांड्यावर फुकटचं वेल्डिंग करून तो कमजोर करायचा नाही, क्लॅम्प मारून बसवूया. हे मला आवडलं. आत खाली रबर मॅट, त्यावर प्लास्टिकचा ट्रे, कारण अॅसिड सांडलं तर पत्रा खाणार. बॅटरी वरून अँगलच्या पट्टीनं आणि दोन जे बोल्टनं आवळलेली, पट्टीला रबराचा पाईप चढवलेला म्हणजे ती टर्मिनलला घासून शॉर्ट व्हायला नको. बॅटरी हलवून बघितली, ट्रेलर हलतो पण बॅटरी हलत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूनं पण रबर शीट चिकटवलंय, कारण झाकण लोखंडाचं, कुणी वर बसलं आणि दबलं तर दोन्ही टर्मिनलला टेकेल, हा विचार त्यांनीच केला, मी नाही.

हवेसाठी दोन भोकं. एक अगदी वर, झाकणाच्या खाली मागच्या भिंतीला, त्यावर टोपी, तोंड खाली आणि मागं केलेलं म्हणजे पाऊस आणि गाडीनं उडवलेलं पाणी आत जात नाही. दुसरं खाली, ताजी हवा आत यायला आणि पाणी शिरलंच तर निघून जायला. मिस्त्रींचं म्हणणं, गॅस वर जातंय पाणी खाली जातंय, दोघांना वाट पाहिजे. मी विचारलं एकच मोठं भोक पाडलं तर? तर म्हणाले, दार एकच असलं तर हवा आत यायला आणि बाहेर जायला भांडण करतीया. दोन्हीला बारीक जाळी.

जाळीबद्दल एक माझा अनुभव जोडतो. पावसाळाभर ट्रेलर परड्यात उभा होता आणि ऑक्टोबरात उघडला तर वरच्या टोपीत कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ठेवलेलं, पूर्ण बंद. जाळी आतून होती, टोपीचं तोंड उघडं होतं, तेवढं तिला पुरेसं झालं. म्हणजे सगळी शास्त्रशुद्ध वाट काढून एका माशीनं लिंपून टाकली. आता टोपीच्या तोंडाला पण जाळी मारलीय आणि निघायच्या आधी टायरची हवा बघतो तसं बोट घालून बघतो.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता चुका.

वायरिंगसाठी शेडवाल्यांनी बाहेरचा वायरमन बोलावला, आणि त्यानं फ्यूज कुठं बसवला तर केबिनच्या आत, स्विचच्या शेजारी, दिसायला छान म्हणून. म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून अडीच मीटर वायर दांड्यावरून, पत्र्याच्या भोकातून, फ्यूजशिवाय. आणि त्या भोकाला रबराचा ग्रोमेट (कडेला बसवायची रिंग) पण नाही, नुसता कापलेला पत्रा. ट्रेलर हादरत असतो, वायर घासते, इन्सुलेशन कापलं की प्लस डायरेक्ट चेसिसला, आणि असल्या बॅटरीतून शॉर्ट झालं की हजाराच्या वर अँपियर सहज येतात, वायर लाल होऊन पेटते आणि फ्यूज बिचारा आत बसून बघत राहतो, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो, वस्तूला नाही, म्हणून तो बॅटरीला चिकटून पाहिजे, एक वीतभराच्या आत. मी हे घरी आल्यावर बघितलं, दुसऱ्या दिवशी परत नेलं. वायरमन म्हणाला आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही. मिस्त्री आले, बघितलं, त्याला कन्नडमध्ये काय बोलले ते मला अर्धंच कळलं आणि जे कळलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तासाभरात ८० अँपियरचा मेगा फ्यूज पेटीत प्लसच्या शेजारी आला, भोकाला ग्रोमेट, दांड्यावरच्या वायरीला फ्लेक्सिबल पाईप, आणि मेन स्विच पेटीच्या बाहेर. पैसे घेतले नाहीत. पण मी बघितलंच नसतं तर?

दुसरी चूक, वायरची जाडी. इन्व्हर्टर मागं किचनजवळ ठेवलेला आणि बॅटरी गेली पुढं, तिथपर्यंत त्यांनी ६ स्क्वेअर एमएमची वायर ओढली. आमच्या हिनं कॅम्पिंगला मिक्सर नेलाय, खोबऱ्याची चटणी पाट्यावर करायला ही काय आजीची पिढी नाही म्हणाली. मिक्सर चालू केला की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. त्यावेळी अजून जुनीच बॅटरी होती. हिशोब असा की मिक्सरला १२ व्होल्टवर ५० अँपियरच्या घरात लागतात, वायर जाऊन येऊन ७ मीटर, तर ६ स्क्वेअरमध्ये एक व्होल्ट वायरीतच जातो. ११.५ ची बॅटरी इन्व्हर्टरला साडेदहाची दिसते, तो म्हणतो संपली. शेवटी इन्व्हर्टरच पुढं आणला, केबिनच्या आतल्या बाजूला, पेटीच्या भिंतीच्या पलीकडं, (पेटीत नाही, त्यात ठिणगी असते) आणि २५ स्क्वेअरची एक एक मीटर वायर. आता खोबरं वाटताना इन्व्हर्टर आवाज पण करत नाही. २५ स्क्वेअरचे पैसे मात्र मला वेगळे द्यावे लागले आणि त्यावर मी थोडा नाराज आहे, बॅटरी हलवली की वायर बदलणार हे काम घेतानाच सांगायला पाहिजे होतं.

रंगाचं पण एक आहे. पेटी त्यांनी काळ्या रंगानं मारली, बाकीच्या सगळ्या मालाला तोच रंग मारतात म्हणून. मला काय, दिसायला बरी दिसली. मग जानेवारीत ती कोरडी पडलेली बॅटरी शेवटी मेलीच, भंगारात बदली दिली आणि लिथियम घेतली, लिथियम आयर्न फॉस्फेटवाली, १२.८ व्होल्ट १०० एएच, वजन फक्त १२ किलो. १५० च्या जागी १०० कशी पुरते म्हणाल तर लेड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, ही जवळजवळ सगळी वापरता येते. आणि एप्रिलमध्ये हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, छपरावर सोलर पॅनेल, ऊन कडक, आणि दुपारी एक वाजता चार्जिंग शून्य. मला वाटलं पॅनेल गेलं. पेटी उघडली तर आतून भट्टीची वाफ आली, थर्मामीटर ठेवला तर ५१ डिग्री. माझ्या बॅटरीला ४५ च्या वर चार्जिंग चालत नाही, आतल्या बीएमएसनं (बॅटरी सांभाळणारं सर्किट) स्वतःहून बंद केलेलं. बीएमएसला शंभर मार्क, काळ्या रंगाला शून्य. घरी येऊन पांढरा रंग मारला, झाकणाच्या आत थर्माकोलचा थर आणि वर प्लायचा एक तुकडा बोटभर अंतर सोडून, सावलीसाठी. मे महिन्यात परत तेवढ्याच उन्हात ४२-४३ च्या वर गेलं नाही.

लिथियम घेतली म्हणल्यावर मेव्हणा लगेच म्हणाला, मग आता आत घेऊया की मर्दा, ही गॅस सोडत नाही. खरं आहे, ही नेहमीच्या चार्जिंगला हायड्रोजन सोडत नाही, आणि बरेच लोक आत ठेवतात पण. पण आतला सेल खराब झाला, ठेचला गेला, जादा तापला तर हिच्यातून पण पेटणारा आणि विषारी धूर येतो, क्वचित येत असेल, पण आला तर तो माझ्या गादीखाली नको. एकदा पावसात पळालोय, परत नाही. शिवाय उद्या ही बॅटरी रस्त्यात गेली आणि कुठल्यातरी गावात फक्त लेडवालीच मिळाली तर पेटी तयार आहे.

पण लिथियमनं एक घोळ घातलाच, तो पण सांगतो कारण त्यात चूक शेडची नाही, माझी. ५५ च्या जागी १२ किलो आले म्हणजे हुकवरचे ३४ किलो एका झटक्यात गेले. मला काही सुचलंच नाही, उलट हलकं झालं म्हणून खूष. हिडकलला जातानाच हायवेला एका ट्रकनं ओव्हरटेक केला आणि मागून ट्रेलर असा काही हेलकावला की हिनं डॅशबोर्ड धरला. ब्रेकवर पाय न ठेवता अॅक्सिलेटर सोडून दिला आणि हळूहळू सरळ झाला. परत आल्यावर काटा काढला, २८ किलो. ट्रेलर आता ४७७ चा, म्हणजे ६ टक्के पण नाही. मग मागच्या किचनमधला २० लिटरचा पाण्याचा कॅन आणि ५ किलोची हत्यारांची पेटी उचलून पुढं बॅटरीच्या पेटीजवळ आणली. मागून पुढं २.७ मीटर सरकलं म्हणजे २५ किलोनं २८ किलोचा फरक पडला, काट्यावर ५६. आता सरळ चालतो. फक्त चहाला पाणी लागलं की ही मागून ओरडते आणि मी पुढनं तांब्या भरून नेतो, हे एक नवीन लागलं. आणि कॅन अर्धा झाला की परत हिशोब बदलतो, म्हणून हायवेला लागायच्या आधी भरून घेतो.

गाडीवरून चार्ज करायचं असेल तर अल्टरनेटरची वायर डायरेक्ट लिथियमला जोडू नका, मध्ये डीसी टू डीसी चार्जर पाहिजे, नाहीतर ती वाटेल तेवढा करंट ओढते. तो मी अजून घेतला नाही, सध्या सोलर आणि मामाच्या शेतातला करंट, चार्जर नवीन, ऑटो कटवाला.

खर्च म्हणाल तर पेटी, क्लॅम्प, फिटिंग आणि पहिलं वायरिंग मिळून ९,२०० घेतले, २५ स्क्वेअरची वायर आणि लग (वायरीच्या टोकाचे जोड) वेगळे १,४००. चार दिवस सांगून तीन आठवडे लावले, कारण मध्ये कुठल्यातरी कारखान्याची अर्जंट ऑर्डर आली आणि माझा ट्रेलर शेडच्या बाहेर उभा, पोरं त्यावर डबे ठेवून जेवायची. फोन केला की मालकांचं एकच उत्तर, उद्या या. बिल मागितल्यावर मिळालं, न मागता मिळालं नसतं. चहा मात्र प्रत्येक वेळी, आणि एकदा मिस्त्रींच्या घरनं आलेली शेंगाची पोळी पण.

मिस्त्रींच्या कामाला पाच, वायरिंगला दोन, वेळेला एक. स्टार चारच देतो, कारण फ्यूज बदलताना त्यांनी वाद घातला नाही. जाणार असाल तर (नाव मला विचारून घ्या, सांगतो) सकाळी दहाच्या आत जा, मिस्त्री मोकळे असतात. ट्रेलर आत वळत नाही, रस्त्यावरच लावून सोडवायला लागतो, आणि वजनाचा काटा घरनंच न्या. पेटीची बिजागरी गंजायला लागलीय, ती बदलायला मला पण येत्या आठवड्यात जायचंय, उद्या या म्हणालेत.